थरथरत्या सूर्याच्या गावात

गुरुवार, ३ ऑक्टोबर २०२४. संध्याकाळचे साडेपाच वाजून गेलेत. तुम्ही आदिलाबाद जिल्ह्यातल्या जैनथच्या शिवारात, पऱ्हाटीच्या बांधावर उभे आहात. खालची बोंडं उकलली आहेत, वरची अजून हिरवी आहेत. दसऱ्याच्या आगेमागे पहिली वेचणी लागेल. उत्तरेला पैनगंगा, आणि नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा. सकाळी घरात घट बसला. आजीनं शेतातली काळी माती पसरून त्यात धान्य पेरलं. गावातल्या तेलुगू घरांमध्ये कालच बतुकम्मा सुरू झालाय, तिकडून टाळ्यांचा आवाज येतोय.

तुमच्या हातात आजोबांचा जुना ट्रान्झिस्टर आहे. त्याचा शॉर्टवेव्ह अजून शाबूत आहे.

या टापूत बातमी दोनदा येते, एकदा मराठीत आणि एकदा तेलुगूत. बाजारभाव असो, लग्न असो की मरण. दोन्हींतलं एकच ऐकणाऱ्याला बातमी कळते, पण पुरती कळत नाही. मराठीत सांगणारा एक तपशील धरतो, तेलुगूत सांगणारा दुसरा. हे आत्ताच ध्यानात ठेवा, कारण पश्चिमेला सागाच्या रांगेवर टेकू पाहणारा सूर्यही आज तसाच दोन भाषांत बोलणार आहे. एक भाषा क्ष-किरणांची, दुसरी रेडिओलहरींची.

पाच अडतीस. सूर्याच्या अंगावर काळ्या डागांचा एक मोठा पुंजका आहे. त्याच्यावरच्या चुंबकीय रेषा दिवसेंदिवस एकमेकींत गुंतत गेल्या होत्या. त्या आता तुटून नव्यानं जुळताहेत, आणि पीळ घातलेला दोर सुटावा तशी त्यांच्यात साठलेली ऊर्जा सुटतेय. खरं तर हे आठ मिनिटांपूर्वीच झालं, तुमच्यापर्यंत आत्ता पोचलं. दहा मिनिटांनी, पाच अठ्ठेचाळीसला, हा उद्रेक शिगेला जाईल. एक्स-९.० वर्गाचा, त्या सौरचक्रात तोवरचा सगळ्यात मोठा.

ही दहा मिनिटं तुमची आहेत. तेवढ्यात मागे जाऊन यायचंय. बांध सोडू नका, पायाखालची काळी माती तीच राहील.

ट्रान्झिस्टर जड होत जातो. हातात मावेनासा होतो. तो आता लाकडी पेटीतला व्हॉल्व्हचा रेडिओ झालाय, एका वाड्याच्या ओसरीवर चौरंगावर ठेवलेला. शेजारी विटेएवढी बॅटरी. तांब्याची तार खिडकीतून निघून अंगणातल्या लिंबाला बांधलीय. दिवस पुन्हा गुरुवारच आहे, पण २३ फेब्रुवारी १९५६. सकाळचे नऊ.

ओसरी भरलीय. मराठी शाळेचे गुरुजी आहेत, पटवारी आहेत, उटनूरकडचा एक गोंड पटेल आहे, उंबऱ्याशी पोरं आहेत. कुणी मराठीत बोलतो, कुणी तेलुगूत, हिशेबाची गोष्ट निघाली की उर्दू येते. आदिलाबाद अजून हैदराबाद राज्यात आहे, पण फार दिवस नाही. तीनच दिवसांपूर्वी, २० फेब्रुवारीला, दिल्लीत आंध्र आणि तेलंगणाच्या पुढाऱ्यांनी करारावर सह्या केल्या. आपला तालुका कुठे जाणार, हे ऐकायला माणसं रेडिओला कान लावून बसलीत. १ नोव्हेंबरला किनवट आणि राजुरा तिकडे मुंबई राज्यात जातील, आदिलाबाद आंध्र प्रदेशात राहील, आणि या ओसरीवरल्या काहींच्या लेकी एका राज्यात नि माहेर दुसऱ्यात असं होईल. तुम्हाला हे माहीत आहे. त्यांना नाही. गप्प राहा आणि ऐका.

दिल्लीचा आवाज येतोय, जरा चढत, जरा उतरत. नऊ वाजून चार मिनिटं. आवाजामागे एक वेगळीच सुरसुर सुरू होते. सागाच्या जंगलावर लांबून पावसाची सर येताना पानांचा जो आवाज होतो, अगदी तसा. पोरं अंगणात बघतात. आभाळ निरभ्र, माघाचं कोवळं ऊन. सुरसुर वाढते. मग निवेदकाचा आवाज विहिरीत उतरत गेल्यासारखा खोल जातो, आणि बंद. रेडिओची काच उजळलेली, व्हॉल्व्ह लाल, पण आवाज नाही. पटवारी म्हणतात, "बॅटरी बसली." गुरुजी काटा फिरवतात. खालच्या फ्रिक्वेन्सीची स्टेशनं आधीच बुडालीत, वरची एखादी कशीबशी कण्हते. गोंड पटेल उठून तार हलवून बघतो.

बॅटरी धड आहे. तारही धड आहे. जे घडलं ते दोन वेगळ्या मार्गांनी या ओसरीवर आलं, आणि त्या दोन्हींचा संबंध उलगडण्यासाठीच तुम्हाला इथे आणलंय.

आधी गप्प बसण्याचं कारण घ्या. सूर्यावरच्या उद्रेकातून क्ष-किरणांचा लोट आला. क्ष-किरण जमिनीपर्यंत पोचत नाहीत, साठ-नव्वद किलोमीटरवरची विरळ हवा ते पिऊन टाकते. पण पिताना तिथल्या रेणूंचे इलेक्ट्रॉन सुटे होतात. दिल्लीहून निघालेली शॉर्टवेव्ह आभाळाच्या आणखी वरच्या थरावर आपटून खाली येते, म्हणजे तिला हा खालचा थर दोनदा ओलांडावा लागतो. एरवी ती सहज पार होते. आज तिथे सुट्या इलेक्ट्रॉनांची गर्दी आहे. लाट त्यांना हलवते, ते हवेच्या रेणूंवर आदळतात, लाटेची ताकद तिथेच उष्णता होऊन जिरते. म्हणून दिल्ली बुडाली. आज सकाळी आशियाच्या उजेडातल्या भागावर हेच होतंय.

आणि ती पावसासारखी सुरसुर? ती सूर्याची स्वतःची. उद्रेकातून सुटलेले वेगवान इलेक्ट्रॉन सूर्याच्या प्रभामंडळातून वर धावताना रेडिओलहरी उठवतात, आणि त्यांतल्या काही लिंबाला बांधलेल्या या तांब्याच्या तारेत शिरतात.

म्हणजे सूर्याच्या एका भाषेनं रेडिओला मुकं केलं, आणि दुसरी त्याच रेडिओतून बोलली. मला ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा मी कितीतरी वेळ नुसता बसून होतो. क्ष-किरण मोजायचं कुठलंही यंत्र ओसरीवर नाही, तरी क्ष-किरणांचं माप तिथे आहे: शांतता. इंग्लंडमधल्या हायटमन नावाच्या हौशी रेडिओवाल्यानं १९३६च्या सुमारास नेमकं हेच कानांनी टिपलं होतं. शॉर्टवेव्ह बुडण्याच्या आगेमागे एक सुरसुर येते, ती दिवसाच येते, हे त्यानं लिहून ठेवलं. क्ष-किरण आणि रेडिओ यांचं नातं एका माणसानं दोघांतल्या कुणाचंही नाव न घेता पकडलं होतं.

या ओसरीवरल्या कुणालाच अजून माहीत नाही की गुन्हेगार क्ष-किरण आहेत. जगात कुणालाच खात्रीनं माहीत नाही. हायड्रोजनच्या अतिनील किरणांवर संशय घेणारे शास्त्रज्ञ होते. पाच महिन्यांनी, जुलैमध्ये, अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेतला हर्बर्ट फ्रीडमनचा गट प्रशांत महासागरात जहाजावरून फुगे सोडेल आणि प्रत्येक फुग्याला एक छोटं रॉकेट टांगेल. फुगा वर नेऊन ठेवायचा, सूर्यावर उद्रेक दिसला की रॉकेट पेटवायचं. २० जुलै १९५६ला डाव जमेल आणि उद्रेकाचे क्ष-किरण पहिल्यांदा थेट हाती लागतील.

आजचा उद्रेक मात्र वेगळ्याच तोलाचा आहे. त्यातून निघालेल्या अतिवेगवान कणांमुळे इंग्लंडमधल्या लीड्सच्या न्यूट्रॉन मापकावरची मोजणी नेहमीच्या चाळीस पटींच्याही वर जाईल. जमिनीवरच्या मापकांनी अशी उसळी त्यानंतर आजवर पाहिलेली नाही. आणि इथे पटवारी बॅटरीला शिव्या देताहेत. बऱ्याच वेळानं आवाज विहिरीतून वर येतो, तोवर बातम्या संपून गेलेल्या असतात. गोंड पटेल विचारतो, "आमचं काय ठरलं?" कुणालाच सांगता येत नाही.

आणखी मागे चला. २८ फेब्रुवारी १९४२, शनिवार. १९४० साली जोडेघाटच्या रानात गोंडांचा पुढारी कुमराम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात पडला. त्या असंतोषाचं मूळ शोधायला आलेला हायमेनडॉर्फ नावाचा मानववंशशास्त्रज्ञ गोंडांच्या पाड्यांतून हिंडतोय. तुम्ही थांबू नका, या वर्षी इथे ऐकायला काही नाही. घटना इंग्लंडच्या किनाऱ्यावर घडतेय. तिथल्या लष्करी रडारांवर दोन दिवस असा गोंगाट आहे की जर्मन विमान दिसणं मुश्किल. शत्रूनं रडार आंधळी केली, असा समज. जेम्स हे नावाचा माणूस वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेले अहवाल जुळवून पाहतो. सगळ्या रडारांचं तोंड सूर्याकडे होतं तेव्हाच गोंगाट होता. तो ग्रिनिच वेधशाळेला फोन लावतो. हो, सूर्याच्या मध्यभागी मोठा डाग आलाय. युद्धामुळे हे चार वर्षं गुप्त राहील. हाच सूर्य त्या वेळी जैनथच्या पश्चिमेला उतरत होता, त्याच्या त्याच लहरी इथल्या ज्वारीच्या धाटांतूनही जात होत्या.

आता थेट १ सप्टेंबर १८५९. आणि हाही गुरुवार. याला काही अर्थ नाही, पण मोजून पाहिलं तेव्हा मला नवल वाटलं, म्हणून सांगितलं.

पावसाळा आहे, गणपतीचे दिवस. रस्ता म्हणजे चिखल. या बाजूच्या रानांत बंड पेटलंय. निर्मळच्या आसपास रामजी गोंड आणि त्याचे रोहिले साथीदार निजामाच्या आणि इंग्रजांच्या फौजेशी लढताहेत. पुढच्या वर्षी निर्मळला वडाच्या झाडावर त्यांना फाशी होईल. लोकांच्या आठवणीत तो हजार फासांचा वड म्हणून राहील. तुम्ही एका झोपडीच्या वळचणीला उभे आहात. दुपार कलताना ढगांत जरा फट पडते आणि सूर्य दिसतो. इथल्या सूर्याच्या वेळेनं साडेचारचा सुमार.

याच क्षणी इंग्लंडमध्ये सकाळचे अकरा वाजून अठरा मिनिटं झालीत. रिचर्ड कॅरिंग्टन हा खगोलनिरीक्षक पडद्यावर पाडलेल्या सूर्यबिंबातले डाग कागदावर उतरवतोय, आणि डागांच्या पुंजक्यावर अचानक दोन पांढरेशुभ्र ठिपके फुटतात. माणसानं पाहून नोंदवलेला हा पहिला सौर उद्रेक. तो साक्षीदार शोधायला पळतो, मिनिटाभरात परत येतो, तोवर ठिपके विझत आलेले.

लंडनजवळच्या क्यू वेधशाळेत त्याच मिनिटाला चुंबकसूचीनं एक बारीकसा झोका घेतला. आज आपल्याला त्याचा अर्थ कळतो. क्ष-किरणांनी वरची हवा विद्युतवाहक केली, तिथले विद्युतप्रवाह वाढले, सूची हलली. म्हणजे १८५९च्या त्या कागदावर क्ष-किरणांची सही आहे. राँटगेननं क्ष-किरण शोधून त्यांना नाव दिलं १८९५ला, छत्तीस वर्षांनी.

त्या सूर्यातून सुटलेला वायूचा लोट अजून वाटेवर आहे. त्याला पोचायला साडेसतरा तास लागतील. तुम्ही रात्र वळचणीला काढा, पण कान मुंबईकडे ठेवा. कुलाब्याच्या वेधशाळेत, जिथे १८४०च्या दशकात बाळशास्त्री जांभेकर आणि केरूनाना छत्रे यांनी काम केलं, तिथे २ सप्टेंबरच्या सकाळी निरीक्षक चुंबकसूचीचं वाचन घेताहेत. एरवी तासाला एक वाचन. आज सूची वेडीपिशी झालीय, म्हणून दर काही मिनिटांनी. दुपारच्या आत पृथ्वीच्या चुंबकत्वाचा आडवा घटक १,६०० नॅनोटेस्लांच्या आसपास कोसळतो आणि काही तासांत सावरतो. यंत्रानं आपोआप काढलेली रेघ नाही ती, दिव्यामागे बसलेल्या माणसांनी डोळ्यांनी वाचून हातानं लिहिलेले आकडे आहेत. उष्ण कटिबंधातली या वादळाची इतकी नेमकी नोंद दुसरी नाही. कॅरिंग्टनचं वादळ किती मोठं होतं हे आज जग सांगतं, ते कुलाब्याच्या या वहीच्या आधारावर. आपल्या शाळांच्या पुस्तकांत ही वही मोठ्या अक्षरांत असायला हवी होती.

पण त्या दिवशीची दुसरी बातमी कुणीच ऐकली नाही. रेडिओलहरी प्रयोगशाळेत निर्माण करायलाच हेर्ट्झला अजून अठ्ठावीस वर्षं होती. उद्रेकाचा रेडिओगोंगाट या चिखलावर, या वळचणीवर, निर्मळच्या वडावर पडला आणि विरला. पृथ्वीला चुकवून गेलेला त्याचा भाग २०२४ साली १६५ प्रकाशवर्षांवर असेल, अजून चाललेला. एक भाषा वहीत उतरली, दुसरी कायमची गेली.

आणखी एकच पायरी. बारावं शतक. पऱ्हाटी नाही, साग दाट आहे. परमारांचा जगद्देव चालुक्यांच्या वतीनं हा मुलूख राखतोय. त्याच्या मंत्र्याचं नाव लोलार्क. लोलार्काची पत्नी पद्मावती इथे निंबादित्याचं, म्हणजे सूर्याचं, देऊळ बांधवते आहे. छिन्नीचा आवाज ऐका. हे त्या दगडावर कोरलं जाईल आणि जैनाडचा, म्हणजे याच जैनथचा, शिलालेख म्हणून उरेल. लोल म्हणजे चंचल, थरथरता. अर्क म्हणजे सूर्य. शांत, अढळ म्हणून ज्याला पुजायचं, त्या सूर्याला थरथरता म्हणणारा हा शब्द माझ्या मनातून जात नाही. आजही जैनथच्या देवळात शरद ऋतूत एका सकाळी सूर्यकिरण मूर्तीच्या पायांशी येतात, तेव्हा गाव गोळा होतं.

पाच मिनिटं संपली. परत फिरा.

परतीच्या वाटेवर तीन ठिकाणी पाय टेकवायचे आहेत. पहिलं ठिकाण दूर आहे, क्यूबावरचं आभाळ, २० मार्च १९५८. पीटरसन आणि विंकलर या अमेरिकी शास्त्रज्ञांचा फुगा विश्वकिरण मोजायला वर गेलाय आणि नेमका तेव्हा सूर्यावर उद्रेक होतो. मापकावर तीव्र किरणांचा झटका उमटतो, वीसेक सेकंदांचा. जमिनीवरच्या अँटेनांवर त्याच वेळी सूक्ष्मलहरींचा, म्हणजे आखूड रेडिओलहरींचा, झटका. दोन्ही भाषा पहिल्यांदा एकाच क्षणी, दोन यंत्रांवर. आणि लगेच भांडण. क्ष-किरणांवरून हिशेब केला तर जितके इलेक्ट्रॉन लागतात, त्यांच्या हजारो पटींनी कमी इलेक्ट्रॉनांत रेडिओचं भागतं. एकाच मालाच्या दोन वह्या, आणि बेरीज जुळेना. पुढे कळलं की दोन्ही वह्या खऱ्या होत्या. चुंबकीय रेषांच्या कमानीच्या पायथ्याशी दाट वायूवर आपटून कठोर क्ष-किरण देतात ते बहुतेक जरा कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन, आणि ते संख्येनं अफाट. कमानीत चुंबकीय रेषेभोवती गिरक्या घेत सूक्ष्मलहरी देतात ते जास्त ऊर्जेचे, मोजके. शिवाय दाट जागी रेडिओलहरी आपल्याच गर्दीत जिरतात.

दुसरं ठिकाण कल्याण, १९६५. सहा फूट व्यासाच्या ३२ तबकड्या सूर्याकडे तोंड करून उभ्या आहेत. सिडनीत वापरून झालेल्या, तिथून मागवलेल्या. गोविंद स्वरूप आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले त्यांचे तरुण सहकारी ६१० मेगाहर्ट्झवर सूर्य ऐकताहेत. टाटा संस्थेतल्या रेडिओ खगोलशास्त्राचं पहिलं पाऊल हेच, आणि ते सूर्याकडेच पडलं. पुढे याच माणसानं जुन्नर तालुक्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जीएमआरटी उभी केली. त्याआधी अमेरिकेत टेक्सासमध्ये काम करताना स्वरूप आणि मॅक्सवेल यांनी १९५८ साली सूर्याचा एक नवा सूर ओळखला होता. इलेक्ट्रॉनांचा झोत प्रभामंडळातून जितका वर जाईल तितका भोवतालचा वायू विरळ, आणि वायू विरळ तितकी लहरीची फ्रिक्वेन्सी खाली. म्हणून सरळ बाहेर सुटलेल्या झोताचा सूर काही सेकंदांत झरझर उतरतो. पण यांच्या नोंदीत सूर उतरता उतरता थबकला आणि पुन्हा चढला. कमानीसारखा. म्हणजे इलेक्ट्रॉन वर जाऊन बंद चुंबकीय कमानीवरून वळून खाली आले होते. डोळ्यांना न दिसणाऱ्या कमानीचा आकार त्यांनी कानांनी रेखला.

तिसरं ठिकाण घरचं. आदिलाबादचा कापूस बाजार, १९६८च्या सुरुवातीची एक रात्र. कंदील, बैलांचे घुंगूर, सरकीचा वास. जिनिंगच्या आवारात गाड्या येताहेत. दारात दिवाणजी प्रत्येक गाडीची नोंद करतो. आत कापसाचा ढीग वाढतोय. आता नीट पाहा, कारण या वर्षी अमेरिकेत वर्नर न्यूपर्ट जे दाखवणार आहे ते तुमच्यासमोरच आहे.

दारातली वही गाड्यांचा वेग सांगते: या घटकेला किती आल्या. रात्री आठला रांग लागते, दहाला ओसरते, बाराला दार रिकामं. ढीग मात्र बाराला रिकामा नसतो. तो तेव्हाच सर्वांत उंच असतो. ढिगाची कुठल्याही क्षणीची उंची म्हणजे तोवर आलेल्या सगळ्या गाड्यांची बेरीज. उद्रेकात सूक्ष्मलहरी म्हणजे दारातली वही. वेगवान इलेक्ट्रॉन या क्षणी किती ओतले जाताहेत, ते त्या सांगतात. ते इलेक्ट्रॉन पायथ्याशी आपटून तिथला वायू तापवतात, तो उकळून कमानीत भरतो, कोटी-दोन कोटी अंश तापमानाला पोचतो आणि मृदू, म्हणजे कमी ऊर्जेचे, क्ष-किरण देत राहतो. मृदू क्ष-किरण म्हणजे ढीग. न्यूपर्टनं उपग्रहावरून आलेल्या क्ष-किरणांच्या नोंदी आणि जमिनीवरच्या रेडिओच्या नोंदी शेजारी ठेवल्या. रेडिओच्या झटक्यांची बेरीज करत गेलं की क्ष-किरणांची चढती रेघ मिळते, हे त्याला दिसलं. रेडिओ विझतो त्या सुमाराला क्ष-किरण शिगेला.

सगळेच उद्रेक हा नियम पाळत नाहीत. कधी गाड्या थांबल्यावरही ढीग चढत राहतो, म्हणजे माल दुसऱ्या दारानंही येतोय. तेव्हाच तर गंमत वाढते, कारण मग ते दुसरं दार शोधावं लागतं. आणि ते शोधायला दोन्ही वह्या लागतात. नुसता ढीग पाहणाऱ्याला गाड्या कधी आल्या ते कळत नाही. नुसती वही पाहणाऱ्याला आत माल किती साठला आणि किती पिंजून गेला ते कळत नाही.

दिवाणजी वही मिटतो. कंदील मंदावतो. तुमच्या हातातलं वजन हलकं होतं.

पाच अठ्ठेचाळीस. जैनथचा बांध. सूर्य सागाच्या शेंड्यांना टेकलाय, लालभडक, आणि नुसत्या डोळ्यांना तसूभरही वेगळा दिसत नाही. एक्स-९ म्हणजे वरच्या अवकाशात दर चौरस मीटरला एका वॉटच्या दहा हजार भागांतले नऊ भाग मृदू क्ष-किरण. सूर्याचा एकूण प्रकाश तिथे १,३६१ वॉट. डोळ्याला कसं कळावं? पण पंधरा लाख किलोमीटरवर आदित्य एल-१ आहे. त्याच्यावर दोन भावंडं शेजारी बसवलीत: मृदू क्ष-किरण मोजणारं सोलेक्स आणि कठोर क्ष-किरण मोजणारं हेलिओस. एक ढीग बघतं, दुसरं गाड्या. पुण्याच्या आयुकानं घडवलेली सूट ही अतिनील दुर्बीणही त्याच यानावर आहे. पद्मावतीच्या देवळातल्या आदित्याचं नाव घेऊन गेलेलं यान आहे ते.

शॉर्टवेव्ह लावा. सुरसुर आहे, पण ती सूर्याची की गावातल्या एलईडी दिव्यांची, हे आता कान सांगू शकत नाही. १९५६च्या ओसरीला तेवढी शांतता होती. आजच्या क्ष-किरणांचा खरा मार आफ्रिका आणि अटलांटिकवर आहे, तिथे भर दिवस आहे, तिथली शॉर्टवेव्ह बुडालीय. इथे किरण तिरके, सरपटत येताहेत.

सहा वाजतात. सूर्य दिसेनासा होतो. पलीकडच्या गोलार्धावर क्ष-किरणांचा आलेख हळूहळू उतरायला लागलाय, तो तासभर उतरत राहील. गावात बायका फुलांच्या उतरंडीभोवती फेर धरून टाळ्या देताहेत. वरच्या हवेत, साठ-नव्वद किलोमीटरवर, दिवसभर सुटे हिंडलेले इलेक्ट्रॉन आपापल्या रेणूंकडे परतू लागलेत, आणि तो थर विरघळतोय.

आजी दारातून हाक देते, "लागलं का काही?"

तुम्ही मीडियम वेव्हवर येता. दिवसा इथे खरखरच जास्त असते. आता काटा जरा सरकवला की हैदराबाद लागतं, तेलुगूत. अजून जरा सरकवला की, हेलकावे खात, नागपूर.

"लागलं," तुम्ही सांगता, आणि आवाज वाढवता.